एमबीबीएसच्या वर्गांसाठी घेतलेला डॅशबोर्ड: दोन वर्षांच्या वापरानंतर

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाने २०२४ च्या सुरुवातीस एमबीबीएसच्या सर्व वर्षांसाठी एक डॅशबोर्ड सेवा, म्हणजे विद्यार्थ्यांची हजेरी, गुण आणि इतर नोंदी एकत्र पडद्यावर दाखवणारी संगणकीय सेवा, वार्षिक वर्गणीवर घेतली. मी औषधशास्त्र शिकवते आणि वैद्यकीय शिक्षण कक्षाची, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातल्या एमईयूची, सदस्य आहे. त्यामुळे खरेदीपूर्वीची प्रात्यक्षिके पाहण्यापासून विभागांकडून माहिती भरून घेण्यापर्यंतची बरीचशी कामे माझ्या वाट्याला आली. कंपनीचे आणि महाविद्यालयाचे नाव मी येथे देत नाही, कारण वापरात जे दोष दिसले त्यांतले काही कंपनीचे होते तरी काही निश्चितपणे आमचे होते. शिवाय याच धाटणीची दुसरी कोणतीही सेवा घेताना हेच प्रश्न विचारावे लागतील, असे माझे मत आहे.

अलीकडे महाविद्यालयात ‘डॅशबोर्ड’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची अध्यापकांची आधार-संलग्न हजेरी येते, जी मे २०२५ पासून चेहरा ओळखून घेतली जाते. मी लिहिते आहे ते त्याबद्दल नाही. विद्यार्थी काय शिकले, कुठे अडले आणि त्यात आमचे वेळापत्रक, आमचे प्रश्न, आमची शिकवण्याची पद्धत किती जबाबदार आहे, हे पाहण्यासाठी घेतलेल्या साधनाचे हे परीक्षण आहे.

गरज खरी होती. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून देशभर क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम सुरू झाला आणि शिकवण्याचा हिशेब धड्यांऐवजी क्षमतांमध्ये, म्हणजे विद्यार्थ्याला नेमके काय यायला हवे यात, ठेवावा लागू लागला. या अभ्यासक्रमाच्या २०१८ च्या खंडात एकट्या शरीररचनाशास्त्रात ८२ प्रकरणे आणि ४०९ क्षमता आहेत. प्रत्येक क्षमतेपुढे विद्यार्थ्याला ती नुसती माहीत हवी, कशी करायची ते माहीत हवे, करून दाखवता यायला हवी, की प्रत्यक्ष स्वतः पार पाडता यायला हवी, अशी पातळी लिहिलेली असते. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पिरॅमिडच्या या चार पायऱ्या आहेत. याखेरीज सैद्धांतिक तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरीची अट, अंतर्गत मूल्यमापनाची अट, प्रमाणित करावयाची कौशल्ये आणि त्यांचे लॉगबुक, म्हणजे नोंदवही. हे सगळे पूर्वी वेगवेगळ्या विभागांच्या वेगवेगळ्या रजिस्टरांत आणि एक्सेलच्या फायलींत असे, आणि एखादा विद्यार्थी मागे पडला आहे हे परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली की कळे. तोपर्यंत त्याला मदत करण्याची वेळ निघून गेलेली असे.

सेवेची मांडणी सोपी आहे. हजेरी, अंतर्गत परीक्षा, लॉगबुक आणि विद्यार्थ्यांचा अभिप्राय अशी चार मुख्य पाने आहेत. अधिष्ठाता, विभागप्रमुख, मेंटॉर आणि विद्यार्थी यांना आपापल्यापुरतेच दिसते. मोबाइलवर पाने नीट उघडतात आणि सर्व माहिती एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. ही शेवटची सोय प्रात्यक्षिकाच्या वेळी मला किरकोळ वाटली होती. प्रत्यक्षात तीच सर्वांत उपयोगी ठरली.

हजेरीच्या पानाने पहिल्याच सत्रात एक गोष्ट दाखवली, जी आम्ही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या माथी मारत आलो होतो. दुसऱ्या वर्षाच्या दुपारी बाराच्या तासाला अनुपस्थिती जास्त असे आणि त्यावर ‘पोस्टिंग (रुग्णालयाच्या एखाद्या विभागातले पाळीचे प्रशिक्षण) संपले की मुले थेट मेसला जातात’ हे ठरलेले स्पष्टीकरण होते. पानावर वार आणि तास यांचा रंगीत तक्ता आहे आणि तो पोस्टिंगच्या बॅचनुसार गाळता येतो. तो तसा गाळून पाहिला तेव्हा अनुपस्थिती सगळ्या वर्गात पसरलेली नव्हती, त्या त्या पंधरवड्यात जनऔषधशास्त्राच्या, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनच्या, पोस्टिंगला असलेल्या एकाच बॅचची होती. ती बॅच ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रात जाते आणि परतीची बस महाविद्यालयाच्या फाटकात पोहोचते तीच साडेबारा वाजता. मुले धावत वर्गात येत होती तेव्हा हजेरी घेऊन झालेली असे. त्यावर कडी म्हणजे या सेवेत पालकांना आपोआप संदेश पाठवण्याची सोय आहे आणि ती आम्ही उत्साहाने सुरू ठेवली होती. म्हणजे गावातल्या उपकेंद्रात लसीकरण पाहून आलेल्या मुलांच्या घरी ‘आपला पाल्य तासाला गैरहजर होता’ असे संदेश जात होते. बसची वेळ बदलली, त्या बॅचचा बाराचा तास दुपारी उशिरा घेतला आणि पालकांचे आपोआप जाणारे संदेश बंद केले. एका तक्त्याने एवढे केले, यासाठी मी त्या पानाला पूर्ण गुण देते.

मात्र या सेवेचे खरे बलस्थान परीक्षेच्या पानावर आहे, आणि ते विक्रीच्या सादरीकरणात शेवटच्या दोन मिनिटांत दाखवले गेले होते. बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरे प्रश्ननिहाय भरली, तर प्रत्येक प्रश्नाचे काठिण्यमूल्य (तो किती जणांना आला) आणि भेदनमूल्य (अभ्यास केलेले आणि न केलेले यांना तो किती वेगळे करतो) तेथे मिळते. ज्यांना भेदनमूल्याचा हिशेब परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. समजा १५० विद्यार्थ्यांनी परीक्षा दिली. एकूण गुणांनुसार त्यांना क्रमाने लावून वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के, म्हणजे प्रत्येकी सुमारे ४१ विद्यार्थी घ्यायचे. वरच्या गटातील जितक्यांनी तो प्रश्न बरोबर सोडवला त्यातून खालच्या गटातील संख्या वजा करायची आणि आलेल्या फरकाला गटाच्या संख्येने भागायचे. उत्तर ०.४ च्या वर असेल तर प्रश्न उत्तम, ०.२ च्या खाली असेल तर तपासून पाहण्याजोगा, आणि उणे असेल तर तो प्रश्न अभ्यास केलेल्यांनाच चुकवतो आहे असे समजायचे. २७ टक्क्यांचा हा आकडा ट्रूमन केली यांनी १९३९ मध्ये दाखवून दिला. पद्धत जुनी आहे, हाताने करता येते, आणि तरीही आमच्या विभागात मी रुजू झाल्यापासून कोणी ती नियमाने केली नव्हती, कारण टर्मिनलचे, म्हणजे सत्राअखेरच्या अंतर्गत परीक्षेचे, पेपर तपासून झाल्यावर एवढा हिशेब करायला कोणाला उसंत नसते.

पहिल्याच टर्मिनलमध्ये आमच्याच विभागाचा एक प्रश्न उणे निघाला. अ‍ॅनाफिलॅक्सिसचा (जीवघेण्या अ‍ॅलर्जीचा) तीव्र झटका आलेल्या प्रौढ रुग्णाला अ‍ॅड्रेनॅलिन प्रथम कोणत्या मार्गाने द्यावे, असा तो साधा प्रश्न होता. पर्यायांच्या खाली प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला याची आडवी पट्टी असते. वरच्या गटाची पट्टी जवळजवळ सगळी ‘स्नायूत’ या पर्यायावर होती आणि उत्तरसूचीत ‘त्वचेखाली’ बरोबर धरले होते. प्रश्न विभागाच्या जुन्या प्रश्नपेढीतून जसाच्या तसा आला होता आणि त्याची उत्तरसूची कोणी पुन्हा वाचली नव्हती. वर्गात आम्ही स्वतः शिकवत होतो की मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात स्नायूत १:१००० द्रावणाचे ०.५ मिली द्यावे, कारण तेथून औषध लवकर शोषले जाते आणि या रुग्णाकडे मिनिटे मोजकीच असतात. आणि हे नीट ऐकून लक्षात ठेवणाऱ्यांचाच आम्ही एक गुण कापला होता. गुण दुरुस्त झाले, वर्गात जाऊन चूक सांगितली. मला अधिक बोचले ते हे की हा प्रश्न त्याआधी किती तुकड्यांना याच उत्तरसूचीने तपासला गेला असेल हे शोधण्याचा मार्ग आता उरलेला नाही. त्या दिवसापासून आमच्या विभागात प्रत्येक टर्मिनलनंतर तासाभराची बैठक होते आणि उणे किंवा शून्याजवळ आलेले प्रश्न मोठ्याने वाचले जातात.

याच पानाचा एक दोषही येथेच सांगायला हवा. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर कोणते औषध उतारा म्हणून द्यावे, हा प्रश्न एका परीक्षेत सगळ्या वर्गाने बरोबर सोडवला. दोन्ही गट सारखेच बरोबर, म्हणून भेदनमूल्य शून्य, म्हणून डॅशबोर्डने तो प्रश्न लाल रंगात ‘निकृष्ट’ ठरवला. जी गोष्ट प्रत्येक डॉक्टरला यायलाच हवी ती प्रत्येकाला आली, तर तो आनंदाचा विषय आहे. ज्याला अत्यावश्यक ज्ञान आणि विद्यार्थ्यांत क्रम लावणारे ज्ञान यांतला फरक कळत नाही, अशा साधनाच्या रंगांवर विसंबून प्रश्न काढून टाकले, तर प्रश्नपेढीत हळूहळू केवळ कोडी उरतील. प्रश्नाला ‘अत्यावश्यक’ अशी खूण करण्याची सोय द्यावी, असे आम्ही कंपनीला लिहून दिले आहे.

आता लॉगबुकच्या पानाकडे येते. माझा सर्वांत मोठा आक्षेप या पानाला आहे, आणि त्यातला मोठा वाटा आम्हा अध्यापकांचा आहे. येथे प्रत्येक विद्यार्थ्याची, प्रत्येक विभागाची ‘पूर्णता’ टक्क्यांत दिसते. हिरवा रंग म्हणजे अध्यापकाने त्या कौशल्याला मान्यता दिली. ती मान्यता विद्यार्थ्याने दुसऱ्याचे पाहून मिळवली, पुतळ्यावर करून मिळवली की रुग्णाच्या खाटेशी स्वतः करून मिळवली, याचा त्या रंगात पत्ता नाही. अभ्यासक्रमाच्या चार पायऱ्या एका हिरव्या चौकोनात सपाट झालेल्या आहेत.

एका मासिक बैठकीत सर्व विभागांची पूर्णता उतरत्या क्रमाने पडद्यावर दाखवली गेली. तळाच्या तीन विभागांचे प्रमुख काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात ते तिन्ही विभाग शंभर टक्क्यांवर होते. मी माहिती एक्सेलमध्ये उतरवून घेतली, तेव्हा पडद्यावर न दिसणारा एक रकाना त्यात सापडला: मान्यता दिल्याची तारीख आणि वेळ. बहुतेक मान्यता पोस्टिंगच्या शेवटच्या शनिवारी दुपारी, एकापाठोपाठ एक, काही मिनिटांच्या आत दिलेल्या होत्या. पंधरा दिवस वॉर्डात जे घडले त्याची नोंद शनिवारच्या त्या काही मिनिटांत उरकली गेली होती. यात कोणाची बदनियत होती असे मी मानत नाही. ओपीडी, शस्त्रक्रिया, तपासणीची कागदपत्रे यांत बुडालेल्या माणसाला तुम्ही एक चौकोन हिरवा करायला सांगितलात की तो चौकोन हिरवा करतो.

त्यानंतर महिन्याभरात आमची ऑस्की झाली. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथून मांडलेली ही ठाण्याठाण्यांची परीक्षा आहे. प्रत्येक ठाण्यावर ठरावीक वेळ, एक काम आणि पाहणाऱ्याच्या हातात तपशीलवार यादी. माझ्या ठाण्यावर सलाईन लावून थेंबांचा वेग ठरवायचा होता, जे कौशल्य स्वतंत्रपणे करता यावे असे अभ्यासक्रमच सांगतो. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचे आहे आणि सेटमधून एका मिलीचे २० थेंब पडतात, असे कार्डावर लिहिले होते. एका विद्यार्थ्याने बाटली व्यवस्थित टांगली, नळीतली हवा काढली, हात स्थिर होते. मग तो घड्याळाकडे पाहत थेंब मोजू लागला, पण किती मोजायचे ते त्याला ठाऊक नव्हते. १०,००० थेंब भागिले २४० मिनिटे, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२. हा भागाकार त्याने कधी केलाच नव्हता. वेळ संपल्यावर मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, वॉर्डात सिस्टर वेग लावूनच ठेवतात, आम्ही फक्त जोडतो.” लॉगबुकात त्याचा तो चौकोन हिरवा होता. त्या दिवशी त्या ठाण्यावर अडखळणारा तो एकटा नव्हता.

यानंतर अभ्यासक्रम समितीत आम्ही जे ठरवले ते फार मोठे नाही. तीनच कौशल्ये निवडली आणि त्यांच्यासाठी नुसत्या मान्यतेऐवजी कोणी पाहिले, रुग्णावर की पुतळ्यावर, आणि काय सुधारायला हवे याचे एक वाक्य, एवढे लिहिल्याशिवाय नोंद होणार नाही असे केले. या तीन कौशल्यांचे आकडे लगेच खाली आले. अधिष्ठात्यांनी त्या बैठकीत कोणालाही जाब विचारला नाही आणि विभागांची क्रमवारी पडद्यावर दाखवणेही थांबवले. या दोन गोष्टी झाल्या नसत्या तर पुढच्या महिन्यात ती वाक्येही एकाच साच्याची आली असती, अशी माझी खात्री आहे. वॉर्डातील परिचारिकांनाही आता सांगितले आहे की विद्यार्थ्यांसमोर वेग लावू नये, त्यांच्याकडून हिशेब करून घ्यावा आणि मगच तपासावा.

अभिप्रायाच्या पानाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सरासरी दिसते, पण किती जणांनी अभिप्राय दिला ते दिसत नाही, आणि आठ जणांच्या बॅचमध्ये ‘निनावी’ या शब्दाला अर्थ राहत नाही. ते पान आम्ही लहान बॅचसाठी बंद ठेवले आहे.

संख्या न दाखवता टक्के दाखवण्याची ही खोड सगळ्या सेवेतच आहे. आठ जणांच्या बॅचमध्ये एक विद्यार्थी आजारी पडला की आकडा साडेबारा टक्क्यांनी खाली येतो आणि शेजारी लाल बाण उमटतो. जनऔषधशास्त्राच्या पहिल्या काही धड्यांत आपणच विद्यार्थ्यांना सांगतो की छेद, म्हणजे एकूण किती जणांपैकी ते, पाहिल्याशिवाय दर वाचू नये. आपल्याच कारभाराच्या पडद्यावर मात्र छेद नसतो. रंगांच्या बाबतीतही असेच आहे. सगळी भाषा लाल आणि हिरव्याची आहे, आणि पहिल्या वर्षाच्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ईशिहारा तक्ते दाखवताना दर काही वर्षांनी आम्हाला एखादा विद्यार्थी असा सापडतोच की ज्याला हे दोन रंग वेगळे ओळखू येत नाहीत. चौकोनात एखादी खूण घालणे अवघड नाही.

विद्यार्थ्याच्या पानावर सुरुवातीस सर्वांत वर त्याचा वर्गातील क्रमांक दिसे. आम्ही तो काढायला लावला. त्याऐवजी त्याचे स्वतःचे मागील परीक्षांचे गुण आणि कोणत्या प्रकरणात तो अडतो ते दिसू लागले, तेव्हा मेंटॉरच्या भेटीत बोलायला काही मिळाले. क्रमांकावर बोलण्यासारखे काही नसते. ‘धोक्यात असलेला विद्यार्थी’ असा शिक्का लावणारी एक सोयही सेवेत आहे. तो शिक्का कोणत्या सूत्राने लागतो हे विचारले असता समाधानकारक उत्तर मिळाले नाही. ज्या निर्णयाचे कारण मी समोरच्या विद्यार्थ्याला सांगू शकत नाही, तो निर्णय मी त्याच्याबद्दल घेणार नाही, म्हणून ती सोय आम्ही वापरत नाही. माहितीचे संरक्षण हाही विषय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर लेखी करारात यायला हवा होता. आमच्या पहिल्या करारात माहिती किती वर्षे ठेवली जाईल आणि वर्गणी थांबवल्यास ती कोण पुसेल, यावर एक ओळही नव्हती, आणि आम्हीही ती मागितली नव्हती.

विक्रीनंतरची सेवा मध्यम दर्जाची म्हणावी लागेल. तक्रारीला उत्तर मिळते, पण सप्टेंबर २०२४ मध्ये आयोगाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे आली तेव्हा क्षमतांची जुनी यादी बदलून नवी बसवण्याचे काम कंपनीने आमच्यावरच टाकले, आणि दोन विभागांचे सहायक प्राध्यापक दिवाळीच्या सुटीत प्रश्न आणि क्षमता यांची सांगड पुन्हा घालत बसले. अशी सेवा घेणाऱ्यांनी हा खर्च किमतीत मोजावा. प्रश्ननिहाय उत्तरे भरण्याचे कामही कोणाचे तरी मनगट दुखवतेच. आमच्याकडे उत्तरपत्रिका यंत्राने वाचल्या जाऊ लागल्यावरच ते सुसह्य झाले.

ज्या महाविद्यालयात परीक्षेचे गुण अजून केवळ एकूण गुणांच्या स्वरूपात ठेवले जातात, त्याने ही वर्गणी भरण्याची घाई करू नये. वर सांगितलेला भेदनमूल्याचा हिशेब एक्सेलच्या साध्या सूत्रांनी होतो. एका विभागाने दोन टर्मिनल तो करून पाहावा, बैठकीत प्रश्न वाचावेत, आणि ती सवय लागली तर मग पैसे खर्च करावेत. आम्ही वर्गणीचे नूतनीकरण केले आहे, पण एका वर्षापुरते आणि लेखी अटींवर: प्रत्येक टक्क्याशेजारी संख्या दिसावी, क्रमवारीची पाने बंद करता यावीत, माहिती पुसण्याची मुदत ठरावी, आणि लॉगबुकातील मान्यतेची तारीख व वेळ एक्सेलमध्ये दडवून न ठेवता पडद्यावरच असावी. पहिल्या तीन अटी कंपनीने मान्य केल्या. चौथीसाठी इतर महाविद्यालयांकडून मागणी नाही, असे उत्तर आले आहे. ही सेवा किंवा अशी दुसरी एखादी वापरणाऱ्यांनी ती मागणी जरूर करावी, ही विनंती.